डोंगरीचा तुरुंग ते शाळेचे जनरल रजिस्टर : मुलांच्या कायद्याची वाटचाल

आमच्या लहानपणी कोकणातल्या घराघरांत एक धमकी ऐकू येत असे. "नीट वागला नाहीस तर डोंगरीला पाठवीन." ज्यांचे वडील किंवा चुलते मुंबईला नोकरीला असत, त्या घरांतून ती विशेष ऐकू येई. डोंगरी हा मुंबईतला आपल्याच लोकांचा मोहल्ला, तिथे आपलेच नातेवाईक राहतात, मग तिथे जाण्यात भीती कसली, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नव्हते. पुढे समजले की धमकी मोहल्ल्याची नसून उमरखाडीच्या 'रिमांड होम'ची होती. मुले सुधारावीत म्हणून सरकारने कायदा करून जी जागा उभी केली, तिचा उपयोग घरोघरी बागुलबुवासारखा होत होता. ही जागा का निर्माण झाली, तिच्यामागे कोणता विचार होता आणि त्या कायद्याशी आपल्या समाजाचा व शाळांचा काय संबंध येतो, याची माहिती पालकांना असावी, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजले आहे.

ज्या इमारतीत हे बालगृह आले, तो पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना १८८२ साली शिक्षा झाली, तेव्हा त्यांनी १०१ दिवस याच तुरुंगात काढले. दोघेही त्या वेळी शिक्षक होते. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. त्यामुळे डोंगरीच्या तुरुंगाचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. पण त्याच इमारतीत नंतर जी हजारो पोरे येऊन गेली, त्यांचे पुस्तक कोणी लिहिले नाही.

या सर्व कायद्यांचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. कायद्याचे नाव बदलले, कलमे बदलली, राज्यकर्तेही बदलले, पण मूल पकडून समोर आणले की अधिकारी जे दोन प्रश्न विचारतो ते तेच राहिले. याचे वय काय? आणि याचे कोण आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शाळेत असते आणि दुसऱ्याचे घरात, मोहल्ल्यात, जमातीत.

ज्या काळात हे प्रश्न विचारलेच जात नव्हते, तिथून सुरुवात करू. कंपनी सरकारच्या अमदानीत चोरी करणारे दहा वर्षांचे पोर आणि चाळीस वर्षांचा दरोडेखोर यांची रवानगी एकाच तुरुंगात होई. मुलांसाठी म्हणून वेगळा असा पहिला कायदा १८५० चा. त्याला उमेदवारीचा कायदा म्हणता येईल. दहा ते अठरा वर्षे वयाच्या अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्हा केलेल्या मुलाला एखाद्या कारागिराकडे करार करून काम शिकायला ठेवावे, अशी त्यात तरतूद होती. हेतू चांगला होता, पण उस्ताद चांगला मिळाला तर मूल तरणार, नाहीतर फुकटचा नोकर होणार. पुढे १८५७ साली, बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या औदार्यातून मुलांसाठी औद्योगिक सुधारशाळा निघाली. सारा देश बंडाच्या धामधुमीत असताना मुंबईत एक परदेशी व्यापारी दुसऱ्यांच्या बिघडलेल्या पोरांसाठी सुतारकाम-लोहारकामाची सोय करीत होता, ही गोष्ट आपल्या श्रीमंत मंडळींनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

१८६० च्या दंडसंहितेने वयाचा प्रश्न प्रथम स्पष्टपणे घातला. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही आणि सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याची समज होती की नाही हे पाहायचे, असे तिने ठरवले. जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी या दोन वयोमर्यादा तिने तशाच ठेवल्या आहेत. त्यानंतर १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला आणि १८९७ मध्ये तो नव्याने करण्यात आला. तो फक्त मुलग्यांसाठी होता आणि मर्यादा पंधरा वर्षांची होती. मुलींचा विचार त्यात नव्हता. पुण्याजवळ येरवड्यालाही अशी सुधारशाळा होती. याच सुमारास, १८७४ साली, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. म्हणजे ज्या काळात सरकार 'बिघडलेल्या' मुलांसाठी शाळेचा कायदा करीत होते, त्याच काळात आपले पूर्वज मुले बिघडू नयेत म्हणून शाळा काढीत होते. एकाच रोगावरचे हे दोन उपाय. दुसरा स्वस्तही पडतो आणि टिकतोही.

खरा बदल पहिल्या महायुद्धानंतर आला. १९१९-२० च्या तुरुंग समितीने देशभरातील तुरुंग पाहिले आणि मुलांना मोठ्या कैद्यांबरोबर ठेवणे बंद करावे, त्यांच्यासाठी वेगळी न्यायालये असावीत, अशी शिफारस केली. त्यानुसार मद्रास प्रांताने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली मुलांचा कायदा केला. मुंबईचा कायदा तिसरा असला तरी अंमलबजावणीत मुंबई पुष्कळ पुढे राहिली. १९२७ मध्ये मुंबई शहरात तो लागू झाला, त्याच वर्षी 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन झाली आणि उमरखाडीचा जुना तुरुंग मुलांच्या ताब्यात आला.

या कायद्यात नवे ते काय होते? सोळा वर्षांखालील मुलाचा खटला बालन्यायालयात चालावा, त्याला तुरुंगात न पाठवता पालकाच्या हवाली करावे, किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरीच ठेवावे, किंवा प्रमाणित शाळेत पाठवावे, हे तर होतेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की गुन्हा न केलेले मूलही या कायद्याच्या कक्षेत आले. ज्याला घरदार नाही, ज्याला भीक मागायला लावले जाते, ज्याचा छळ होतो, अशा मुलाला न्यायालयाने आपल्या छायेखाली घ्यावे, असा त्याचा अर्थ होता. रयतेच्या निराधार लेकरांचा राजाच पिता, ही आपल्याकडची जुनी कल्पना. इंग्रजांकडेही तीच कल्पना होती आणि ती या कायद्याच्या मुळाशी आहे.

मात्र ज्या गोष्टीने दयेचे काम होते, तिनेच गोंधळही झाला. चोरी केलेला पोर आणि रेल्वे फलाटावर चुकून राहिलेला पोर, दोघेही एकाच दारातून आत जाऊ लागले. बाहेरच्या जगाला दोघांत फरक दिसेना. 'डोंगरीला जाऊन आला' एवढेच लोकांनी लक्षात ठेवले. हा डाग पुसण्यासाठी पुढच्या कायद्यांना सत्तर-ऐंशी वर्षे खर्च करावी लागली आणि तरी तो पुरता पुसला गेलेला नाही.

परिविक्षा अधिकाऱ्याविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. हा अधिकारी मुलाच्या घरी जातो, शेजारी चौकशी करतो, शाळेत हजेरी पाहतो आणि अहवाल लिहितो. न्यायाधीश मुलाला अर्धा तास पाहणार, त्यामुळे मुलाचे भवितव्य बव्हंशी या अहवालावर ठरते. पण असे अधिकारी आणायचे कुठून? या कामाचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघाली. ती कुठे निघाली हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ती निघाली नागपाड्याला, क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थाने चालवलेल्या 'नेबरहूड हाऊस'मध्ये. तीच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. नागपाडा आणि डोंगरी हे दोन्ही मोहल्ले आपले. भारतातले समाजकार्याचे शिक्षण आपल्या दारात सुरू झाले. त्या दारातून आपली किती मुले-मुली आत गेली, याचा विचार केला की मन खट्टू होते. आपल्या समाजातल्या पदवीधर तरुणांनी डॉक्टरी, इंजिनिअरिंग, डी.एड., बी.एड. यांपलीकडे पाहावे. परिविक्षा अधिकारी म्हणून ज्याला मोहल्ल्याची बोली कळते, त्याचा अहवाल वेगळा होतो.

मधल्या काळात बोर्स्टल शाळांचा कायदा १९२९ मध्ये व परिविक्षेचा कायदा १९३८ मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, मुंबई राज्याने १९२४ चा कायदा रद्द करून नवा मुंबई बालक अधिनियम केला. मुलाचा छळ करणे, त्याला भीक मागायला लावणे, त्याला दारू देणे यांना त्यात शिक्षा होती. 'योग्य व्यक्ती' ही त्यातली एक महत्त्वाची सोय. आईबाप नसतील किंवा नालायक असतील तर न्यायालय मुलाला एखाद्या योग्य व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या हवाली करू शके. महाराष्ट्रातील अनेक अनाथाश्रमांनी ही मान्यता घेतली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा एक चमत्कारिक परिस्थिती होती. मुंबईच्या मुलाला १९४८ चा कायदा, विदर्भातील मुलाला मध्यप्रांताचा १९२८ चा कायदा आणि औरंगाबादच्या मुलाला निजामी हैदराबादच्या भूमीवरचा १९५१ चा कायदा. राज्य एक झाले, पण पोरांची नशिबे तीन.

त्याच १९६० मध्ये केंद्राने अनाथालयांच्या देखरेखीचा कायदा केला. आपल्या यतीमखान्यांचा कायद्याशी खरा संबंध इथे येतो. यतीमाची जबाबदारी ही आपल्याकडे धर्माचीच आज्ञा आहे. हजरत पैगंबर साहेब स्वतः यतीम होते, हे मुलांना मक्तबात पहिल्या वर्षी शिकवतात. सूरह निसाच्या आरंभीच यतीमांच्या मालमत्तेबद्दल ताकीद आहे आणि त्यांना समज आली की नाही हे पारखून ती त्यांच्या हाती द्यावी, असेही सांगितले आहे. म्हणजे वय आणि समज यांचा प्रश्न आपल्याला नवा नाही. पण दानधर्मातून चाललेल्या संस्थेला सरकारी कागद कशासाठी, असा आपल्या अनेक विश्वस्तांचा सूर असे. खिचडी आहे, बिछाना आहे, हाफिजजी आहेत, मग नोंदणी कशाला? ही भूमिका मला मान्य नाही. दान देणारा अल्लाहला हिशेब देतो हे खरे, पण संस्थेत राहणारे मूल आजारी पडले, पळून गेले किंवा कुणी त्याला त्रास दिला, तर त्याच्या वतीने विचारणारा बाहेरचा कोणीतरी हवाच. आज २०१५ च्या कायद्याप्रमाणे निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे.

पुन्हा इतिहासाकडे वळू. सत्तर-ऐंशीच्या दशकांत देशात अनेक ठिकाणी मुले सर्रास मोठ्यांच्या तुरुंगातच होती. कायदे होते, पण काही राज्यांत बालगृहे नव्हती, काही राज्यांत कायदाच नव्हता. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ साली न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि सर्व देशासाठी एकच कायदा असावा असे सुचवले. त्याच वर्षी संसदेने बालन्याय कायदा केला आणि २ ऑक्टोबर १९८७ रोजी, गांधी जयंतीला, तो अमलात आला. राज्याराज्यांचे कायदे संपले. मुंबईचा कायदाही संपला. या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत अल्पवयीन धरली होती. मुलाबाबत आदेश देताना ज्या गोष्टी पाहायच्या, त्यांत त्याच्या धर्माचाही उल्लेख होता. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारल्यावर २००० साली नवा कायदा आला आणि मुलगा असो वा मुलगी, वय अठरा झाले. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ आणि निराधार मुलांसाठी बाल कल्याण समिती, अशी दोन दारे वेगळी झाली. १९२७ चा गोंधळ निदान कागदावर तरी मिटला. या सुमारास मुंबईतून आणखी एक चांगली गोष्ट निघाली. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा पुढे देशभर पसरली.

दत्तकाचा विषय आपल्याकडे नाजूक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. २००० च्या कायद्याने व त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेण्याचा मार्ग खुला झाला. २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले, पण हा मार्ग ऐच्छिक आहे, कोणावर त्याची सक्ती नाही, असेही स्पष्ट केले. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने त्या प्रकरणात कफालतचा मुद्दा मांडला होता. कफालत म्हणजे मुलाचे नाव व वंश न बदलता त्याचे पालन करणे. आजच्या कायद्यात प्रतिपालकत्वाची सोय आहे, तीही काहीशी याच वाटेने जाते आणि मूल त्याच्या आईबापांचेच राहते. महाराष्ट्राची बाल संगोपन योजनाही आहे. एक पालक गमावलेल्या किंवा संकटातील कुटुंबातील मुलासाठी तीत दरमहा मदत मिळते. आमच्या भागात कोविडनंतर कितीतरी विधवा भगिनी यास पात्र होत्या. अर्ज थोड्यांनीच केला. जकातीचे वाटप करणाऱ्या मंडळींनी त्याच बैठकीत हे फॉर्मही भरून घेतले तर काय बिघडेल?

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. याचे वय काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून नववीत नापास होऊन बाहेर पडलेला एक मुलगा तिघा मोठ्या पोरांबरोबर चोरीच्या संशयावरून पकडला गेला. वडील आखातात, घरी आई आणि आजी. आई सकाळी फजरनंतर माझ्या दारात उभी. ठाण्यात त्याचे वय एकोणीस लिहिले होते, कारण पोर उंच, मिशा फुटलेल्या आणि विचारल्यावर घाबरून तो काहीच बोलला नव्हता. रात्र त्याने कोठडीत इतरांबरोबर काढली होती. मी मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरचा उतारा घेतला, शिक्का मारला आणि ठाण्यावर गेलो. सोळा वर्षे दोन महिने. तिथल्या अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला. मग बालपोलीस अधिकाऱ्याला बोलावणे गेले, कागदपत्रे बदलली आणि मुलाला बाल न्याय मंडळापुढे नेण्यात आले. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात व त्यांतली किमान एक महिला असावी लागते. त्याच दिवशी आईच्या हमीवर तो घरी आला. पुढे त्या चोरीत त्याचा हात नव्हता असे निष्पन्न झाले. पण हात असता तरी त्या एका कागदाचे महत्त्व कमी झाले नसते.

हे मी माझी कामगिरी म्हणून सांगत नाही. मला तोवर हा कायदा माहीतच नव्हता. मी केवळ आईच्या रडण्यामुळे रजिस्टर उघडले. नंतर वाचले तेव्हा समजले की २०१५ च्या कायद्यात वय ठरवण्याचा क्रमच दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा दाखला आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावे लागते आणि आईबापांना कळवावे लागते. त्याचे नाव किंवा छायाचित्र छापणे हाच गुन्हा आहे. वयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, केव्हाही, शिक्षा होऊन गेल्यावरसुद्धा काढता येतो.

'केव्हाही' या शब्दाला किती अर्थ आहे ते २०२३ मध्ये दिसले. पुण्यात १९९४ साली एका कुटुंबाची निर्घृण हत्या झाली होती. त्यात फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी राजस्थानातला होता. अनेक वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरातील नोंद पुढे आली, तिची चौकशी झाली आणि गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मार्च २०२३ मध्ये तो सुटला, तेव्हा त्याने अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढली होती. गुन्हा भयंकर होता, मृतांच्या आप्तांचे दुःख कोणताही निकाल भरून काढू शकत नाही. पण राजस्थानच्या कुठल्याशा खेड्यात एका अज्ञात शिक्षकाने प्रवेशाच्या दिवशी लिहिलेली एक ओळ दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात एका माणसाच्या जीविताचा निर्णय करून गेली. मी हे वाचले त्या दिवशी शाळेत जाऊन आमचे जुने रजिस्टर उगाचच चाळत बसलो होतो.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारातही असेच झाले. एका आरोपीला अठराला काही महिने कमी होते, हे त्याच्या प्राथमिक शाळेच्या नोंदीवरून ठरले. सारा देश संतापला आणि त्या संतापातून २०१५ चा कायदा झाला. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याच्या समजुतीची प्राथमिक तपासणी करून त्याला मोठ्यांप्रमाणे खटल्याला सामोरे जायला लावता येते, असे त्यात आले. माझे मत विचाराल तर शिक्षक म्हणून मला हे पटत नाही. सोळा वर्षांच्या पोराच्या मनात गुन्ह्याच्या दिवशी काय होते, हे कित्येक आठवड्यांनी एका खोलीत बसून कसे समजावे? आम्हाला वर्गात रोज पाहूनही कळत नाही. तरी हेही खरे की अत्याचार झालेली मुलगीसुद्धा कुणाचे तरी मूलच असते. तिच्या घरच्यांसमोर माझे हे मत मांडण्याचे धैर्य मला होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न, याचे कोण आहे, हाही जुना झालेला नाही. ३० मे २०२३ रोजी बिहारहून पुण्याकडे येणाऱ्या दानापूर एक्सप्रेसमधून रेल्वे पोलिसांनी भुसावळ आणि मनमाड येथे एकूण ५९ मुलांना उतरवले. मुले पुणे व सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. त्यांच्याबरोबरच्या पाच शिक्षकांवर मुलांच्या तस्करीचा गुन्हा लागला, त्यांना तुरुंगात जावे लागले आणि मुले जळगाव व नाशिकच्या बालगृहांत राहिली. दहा-बारा दिवसांनी ती आईबापांकडे परत गेली. पुढे मार्च २०२४ मध्ये पोलिसांनीच हा गैरसमजातून घडलेला प्रकार असल्याचे म्हणत प्रकरण बंद केले. या प्रकाराने मन विषण्ण झाले. टोपी घातलेला मौलाना आणि सोबत पोरे दिसली की तस्करीच आठवावी, हा आजच्या हवेचा दोष आहे आणि तो स्पष्टपणे बोलला पाहिजे. पण रागाच्या पलीकडे जाऊन हेही पाहिले पाहिजे की त्या फलाटावर विचारला गेलेला प्रश्न १९२७ चाच होता. पालकाच्या सहीचे संमतिपत्र, मुलाचा जन्मदाखला, मदरशाचे पत्र आणि फोन नंबर, एवढे कागद प्रत्येक मुलाबरोबर असते तर त्या पोरांच्या वाट्याला बालगृहाच्या त्या रात्री कदाचित आल्या नसत्या. 'कदाचित' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे.

आमच्या जिल्ह्यात जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे जुन्या पिढीप्रमाणे अजूनही एखादा बाप दाखला न घेता येतो. आमच्या रजिस्टरात १ जून या तारखेला जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका एकदम बाळंत झाल्या असाव्यात असे वाटेल. पूर्वी शिक्षकांनीच अंदाजाने ती तारीख लिहिली. कोणी लवकर शाळेत घालायला वय वाढवून सांगे, कोणी पुढे नोकरीत दोन वर्षे जास्त मिळावीत म्हणून कमी करून सांगे, आणि जहाजावर किंवा आखातात पाठवायची घाई असेल तर पुन्हा वाढवून. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती तारीख नंतर बदलता येत नाही, हे त्यांना दहावीच्या फॉर्मच्या वेळी कळे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी आता जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहणार आहे. ती मुले २०२९ च्या सुमारास पहिलीत येतील. तोवर हे काम आमच्याच पेनावर आहे.

गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ नातवाला घेऊन आले. दाखला नव्हता. बाळंतपण आजोळी झाले, तिथल्या पंचायतीत नोंद असेल, पण जायला वेळ नाही, म्हणाले. "सर, लिहा ना एक जून. सगळ्यांचा तोच असतो." मी पेन खाली ठेवले, त्यांना बसवले, चहा मागवला आणि मुलाच्या आईला फोन लावायला सांगितला. तिला तारीख पाठ होती. रमजानचा सोळावा रोजा, पहाटे सहरीच्या वेळी. वर्ष कोणते तेही तिने सांगितले. कॅलेंडर काढून इंग्रजी तारीख जुळवायला आम्हाला पंधरा मिनिटे लागली. मग ती पेन्सिलने लिहून ठेवली आणि पंचायतीच्या दाखल्यासाठी आजोबांना आठ दिवसांची मुदत दिली. सहाव्या दिवशी ते दाखला घेऊन आले. तारीख तीच होती.